माझी अप्सरा उडत का नाही?

मागील अंकात बालपणी पाहिलेल्या यक्ष-राक्षसांच्या आणि भुतांच्या चित्रांविषयी मी दोन परिच्छेद लिहिले, आणि या महिन्याचे जवळजवळ सगळे टपाल त्याच विषयाने भरून आले. प्रवासाच्या आठवणी आणि अद्भुत चित्रांचे वेड एकाच पाकिटातून यावे, याचे मला फारसे नवल वाटले नाही. ज्याला या चित्रांचे वेड असते, तो कोणत्याही गावी उतरला की आधी देवळाच्या खांबावर कोरलेला व्याल, म्हणजे सिंहासारखा अद्भुत प्राणी, शोधतो आणि नंतर चहाचे हॉटेल. पत्रे लांब होती, म्हणून थोडी आटोपशीर करून घेतली आहेत.

प्रश्न : मी सत्तरी ओलांडलेला वाचक आहे. लहानपणी आमच्या गावात ‘चांदोबा’ एकाच घरी येत असे, आणि विक्रम-वेताळाचे चित्र पाहण्यासाठी आम्ही मुले त्या घराच्या ओसरीवर ताटकळत बसत असू. पुढे एकदा नाथषष्ठीला पैठणला गेलो असता एका वारकऱ्याने सांगितले की, वेताळाला खांद्यावर वाहणारा तो राजा उज्जैनचा नव्हे, आपल्या पैठणचाच. यात काही तथ्य आहे, की हा केवळ गावाचा अभिमान?
— एक निवृत्त पोस्टमास्तर, परभणी

उत्तर : त्या वारकऱ्याचे वाचन चांगले असले पाहिजे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या कथा येतात, आणि त्यांच्या आरंभीच सांगितले आहे की, गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नावाचे स्थान असून तेथे विक्रमसेनाचा पुत्र त्रिविक्रमसेन राज्य करीत होता. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू या राजाला रोज एक फळ आणून देतो, त्या फळांत रत्ने निघतात, आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली राजा कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानातील शिंशपेच्या, म्हणजे शिसवीच्या, झाडावर लटकणारे प्रेत आणावयास निघतो. पुढच्या रूपांतरांत हा राजा उज्जैनच्या विक्रमादित्याशी एकरूप झाला आणि पैठणचा हक्क मागे पडला.

पैठणचा हक्क मात्र याहूनही मोठा आहे. ‘कथासरित्सागर’ ज्या मूळ ‘बृहत्कथे’वरून आला, तिचा कर्ता गुणाढ्य हा परंपरेनुसार सातवाहन राजाच्या दरबारात, म्हणजे याच नगरीत होता. जलक्रीडेत राणीने राजाला ‘मोदकैः’, म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका, असे म्हटले आणि संस्कृत न जाणणाऱ्या राजाने मोदकांची ताटे मागवली, ती हकिकत येथलीच. राजाला संस्कृत शिकवण्यास सहा वर्षे लागतील असे गुणाढ्य म्हणाला; दरबारातल्याच शर्ववर्मा या दुसऱ्या पंडिताने ते सहा महिन्यांत करून दाखवले आणि पैजेत हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला. मग त्याने पिशाचांची भाषा शिकून, अरण्यात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची कथा लिहिली. राजाने ती नाकारल्यावर तो एका टेकडीवर अग्निकुंड पेटवून एकेक पान वाचू लागला आणि वाचलेले पान आगीत टाकू लागला. वनातील पशू चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले, इतके की त्यांचे मांस शुष्क झाले आणि ते खाऊन राजा आजारी पडला. शोध घेत राजा तेथे पोहोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. ऐकणाऱ्या पशूंचे हे दृश्य मी तीन वेळा रंगवण्याचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा हरणे गोशाळेतल्या वासरांसारखी दिसली.

आता आपल्या आठवणीतल्या चित्राविषयी. ते काढणारे चित्रकार के. सी. शिवशंकरन, म्हणजे सर्वांचे ‘शंकर’, १९२४ साली जन्मले आणि २०२० साली निवर्तले. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. उपसलेली तलवार हाती घेऊन, खांद्यावर प्रेत टाकून निघालेला त्यांचा राजा आपल्याला साठ वर्षांनंतरही आठवतो, याचे कारण वेताळ नव्हे, असे माझे मत आहे. वेताळ कोणीही काढील. शंकर यांच्या चित्रात राजाच्या खांद्यावरच्या प्रेताला वजन आहे, आणि ते वजन खरे वाटल्यामुळे प्रेतात बसून बोलणारा वेताळही खरा वाटतो. पोते वाहणारा हमाल ज्याने मन लावून पाहिला आहे, त्यालाच असा राजा काढता येतो. पैठणला नागघाटावर मी एका संध्याकाळी शिंशपेचे झाड शोधले होते. एक वेडी बाभूळ आणि पाणीपुरीची एक गाडी, एवढेच सापडले. पण अंधार पडू लागल्यावर ती बाभूळही पुरेशी होती.

प्रश्न : मी अकरावीत शिकते. मला पऱ्या, अप्सरा आणि पंख असलेल्या योद्ध्या काढायला फार आवडतात, आणि माझ्या वहीत अशी शंभरेक चित्रे आहेत. परंतु माझी एकही अप्सरा उडत नाही. पंख मोठे केले, ढग काढले, केस मोकळे सोडले, तरी ती दोरीला टांगल्यासारखीच दिसते. माझे कोठे चुकते?
— एक विद्यार्थिनी, माजलगाव

उत्तर : तुझ्या पत्रासोबतची तिन्ही चित्रे मी पाहिली. रेषेवर तुझा हात चांगला बसला आहे, तेव्हा त्याची काळजी करू नकोस. तुझा प्रश्न मलाही तुझ्याच वयात पडला होता, आणि त्याचे उत्तर मला एका आरशाने दाखवले, म्हणून ती हकिकत थोडी विस्ताराने सांगतो.

१९७४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे मित्र अंबाजोगाईहून एस.टी.ने तेव्हाच्या औरंगाबादेस आणि तेथून दुसऱ्या गाडीने अजिंठ्यास गेलो. मधल्या एका स्थानकावर माझी चित्रांची वही बाकावर राहिली, ती परत मिळाली नाही. म्हणून लेण्यांत मी केवळ पाहिले, काढले काहीच नाही, आणि आज वाटते की तेच बरे झाले. त्या काळी लेण्यात आतवर उजेड नेण्यासाठी एक माणूस दाराबाहेर उन्हात आरसा धरून बसे आणि आत दुसरा माणूस पांढरे कापड ताणलेल्या चौकटीवर तो कवडसा झेलून भिंतीकडे वळवी. सतराव्या लेण्याच्या ओसरीत, दाराच्या वरच्या बाजूस, तो उजेड हळूहळू सरकत गेला आणि आकाशातून येणारा इंद्र व त्याच्यासोबत वाद्ये घेतलेल्या अप्सरा आमच्यासमोर प्रकटल्या. पंधराशे वर्षांपूर्वीचे, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले हे चित्र आहे. त्यात कोणालाही पंख नाहीत.

पंख नसताना ती मंडळी उडतात कशी, हे मी त्या दिवशी कितीतरी वेळ पाहत राहिलो. इंद्राच्या गळ्यातल्या मोत्यांच्या माळा छातीवर सरळ लोंबत नाहीत; त्या एका बाजूस, मागे फेकल्या गेल्या आहेत. गुडघे दुमडलेले आहेत, आणि ढगांच्या निळसर वेटोळ्यांतून शरीर तिरके पुढे सरकते आहे. दाराच्या दुसऱ्या बाजूस फेट्यासारखे शिरोभूषण घातलेली जी प्रसिद्ध अप्सरा आहे, तिच्याही गळ्यातला हार असाच झुकलेला आहे, मात्र चेहरा अगदी शांत आहे. शरीर पुढे गेले आहे आणि दागिने अजून मागच्या क्षणात राहिले आहेत, एवढ्या एका गोष्टीवर चित्रकाराने सगळे उड्डाण तोलून धरले आहे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या भिंतींवरील गंधर्वही असेच बिनपंखांचे आहेत. तेथे तर दगड उडतो.

आता तुझी अप्सरा पाहा. तिचे केस मागे उडतात, पण ओढणी सरळ खाली येते आणि कानातले डूल गुरुत्वाकर्षणाचा नियम काटेकोर पाळतात. म्हणजे केस वाऱ्यात आहेत आणि बाकीची मुलगी वर्गात उभी आहे. पावलांचे तळवे जमिनीवर टेकल्यासारखे सपाट आहेत, म्हणून ती टांगलेली वाटते. पंख कितीही मोठे केलेस तरी हा दोष झाकला जाणार नाही.

यावर उपाय अजिंठ्यापेक्षाही जवळ आहे. नागपंचमीला तुमच्याकडे लिंबाच्या नाहीतर चिंचेच्या फांदीला झोके बांधतात ना? वही घेऊन तेथे जा आणि चेहरे काढू नकोस. केवळ वेणी, ओढणी आणि पावले काढ. झोका पुढे निघताना ओढणी मागे राहते. झोका वरच्या टोकाला जाऊन क्षणभर थबकतो, तेव्हा मुलगी थांबलेली असते आणि ओढणीचे टोक मात्र अजून पुढे धावत असते. वेणी जड असल्यामुळे ती ओढणीहून उशिरा वळते, आणि बांगड्या मनगटावर घसरतात. उभ्याने झोका चढवणारी मुलगी गुडघे कसे दुमडते, तेही पाहा. तुला इंद्राचे गुडघे तेथे सापडतील. अशी पन्नास रेखाटने झाल्यावर झोका, दोर आणि झाड पुसून टाक. जी उरेल ती उडेल.

तू असेही विचारले आहेस की, छापील चित्रावर पातळ कागद ठेवून गिरवावे काय. हात बसवण्यासाठी गिरवण्यास हरकत नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अनेक वर्षे अजिंठ्याच्या नकलाच करीत होते. (त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून केलेल्या नकला १८६६ मध्ये तेथल्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. गुणाढ्याच्या कथेपासून आमच्या मुलखातल्या अद्भुताला हा अग्नीचा शापच आहे की काय, न कळे.) गिरवलेले चित्र मात्र वहीच्या मागच्या बाजूस ठेव, आणि खाली ‘गिरवले’ असे स्वच्छ लिही.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाला राक्षसांचे विलक्षण वेड आहे. त्याला अजिंठा दाखवावयाचा आहे, परंतु ‘लेणी म्हणजे कंटाळा’ असे त्याचे मत होऊ नये, असे वाटते. काय दाखवावे?
— एक आई, जालना

उत्तर : सगळी तीस लेणी दाखवू नका, हे पहिले. सतराव्या लेण्यात उजव्या हाताच्या भिंतीवर सिंहलाची कथा रंगवलेली आहे, तिच्यासाठीच मुलाला न्या, आणि कथा आदल्या रात्री घरीच सांगून ठेवा. पाचशे व्यापाऱ्यांचे जहाज फुटते आणि ते एका बेटावर येतात. तेथल्या देखण्या स्त्रिया त्यांना घरी नेतात. त्या स्त्रिया म्हणजे माणसे खाणाऱ्या राक्षसी आहेत, हे सिंहलाला कळते, आणि बलाह नावाचा पांढरा दिव्य घोडा त्यांना सोडवायला येतो. पण जो मागे वळून पाहील तो खाली पडेल, अशी अट असते. पुढे एक राक्षसी सिंहलाच्या मागोमाग राजवाड्यापर्यंत येते आणि राजाचे काय होते, ते भिंतीवर आहेच. मुलाला घोडा, राक्षसी आणि होड्यांतले हत्ती स्वतः शोधू द्या, बोट दाखवू नका.

अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. फर्दापूरच्या फाट्यावर आपले वाहन ठेवून तेथल्या बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. आत गेल्यावर पाच मिनिटे नुसते उभे राहा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. पाऊस नुकताच सरलेला असताना गेलात तर वाघोरा नदीचा धबधबाही मिळेल, आणि दहा वर्षांच्या मुलाला बहुधा तोच सर्वांत जास्त आवडेल. वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही पती-पत्नी एका सहलीबरोबर स्वित्झर्लंडला गेलो होतो. ग्रुयेर या गावी सर्व मंडळी चीज पाहण्यास गेली आणि मी एकटा एच. आर. गीगर यांच्या चित्रांच्या संग्रहालयात शिरलो. तेथून मी भारावून बाहेर पडलो आणि एक मोठे छापील चित्र विकत घेऊन आलो. ते दिवाणखान्यात लावण्यास पत्नीचा सक्त विरोध आहे. तिच्या मते ती कला नसून विकृती आहे. आपला निर्णय काय?
— एक औषधविक्रेते, लातूर

उत्तर : संसारातील वादात निर्णय देण्याचा अधिकार या सदराला नाही, पण चित्राविषयी बोलता येईल. आपल्या व्यवसायाचा या चित्रकाराशी दूरचा संबंध आहे, हे आपणांस तेथे कळले असेलच. १९४० मध्ये कूर या स्विस गावी जन्मलेल्या गीगर यांचे वडीलही औषधांच्याच व्यवसायात होते. मुलाने त्या वाटेने न जाता झुरिकमध्ये वास्तुकला आणि औद्योगिक रचना यांचे शिक्षण घेतले, आणि ते त्याच्या प्रत्येक चित्रात दिसते. त्या चित्रांत हाडे आणि यंत्रांच्या नळ्या एकमेकांत कोठे मिसळतात, ते शोधू गेले तर सांधा सापडत नाही. रंगाची फवारणी करणाऱ्या एअरब्रशने ते काम करीत, त्यामुळे कुंचल्याचा माग राहत नाही आणि चित्र कोणी काढले नसून आपोआप उगवले असावे, असा भास होतो. १९७९ च्या एका गाजलेल्या चित्रपटातील परग्रहावरचा प्राणी त्यांच्याच रेखाटनांतून आला आणि त्या कामासाठी त्यांना इतर सहकाऱ्यांसोबत ऑस्करही मिळाले. आपण पाहिलेले संग्रहालय १९९८ मध्ये तेथल्या जुन्या वाड्यात सुरू झाले. समोरच्या बारचे छत कण्याच्या मणक्यांसारखे आहे. आपण तेथे बसला होता काय, हे पत्रात नाही, आणि वहिनी हे सदर वाचत असतील तर ते न लिहिलेलेच बरे.

मला स्वतःला गीगर पूर्णपणे रुचत नाहीत. त्यांच्या चित्रांत भय आहे, पण त्या भयाला बाहेर पडण्याचा दरवाजा नाही, आणि चार चित्रांनंतर मला मोकळ्या हवेत जावेसे वाटते. तरीही ‘विकृती’ हा शब्द मी वापरणार नाही, कारण तो वापरला तर मला आपल्या देवळांचे उंबरठेही उकरून काढावे लागतील. आपल्याकडच्या जुन्या दगडी मंदिरांत गाभाऱ्यात पाऊल टाकण्यापूर्वी वटारलेल्या डोळ्यांची आणि विचकलेल्या दातांची तोंडे दिसतात. ते कीर्तिमुख. जालंधर दैत्याचा दूत होऊन आलेल्या राहूला खाण्यासाठी शंकराच्या तिसऱ्या डोळ्यातून एक भुकेले भूत निघाले. राहू शरण आला, भूत उपाशी राहिले, तेव्हा शंकराने त्यास स्वतःलाच खा म्हणून सांगितले, आणि त्याने पायांपासून सुरुवात करून केवळ तोंड उरेपर्यंत स्वतःला खाल्ले. याहून भयंकर कल्पना गीगर यांच्याही चित्रांत मला आढळलेली नाही. शंकराने प्रसन्न होऊन त्या तोंडाला आपल्या दाराशी जागा दिली.

दाराशी, हे ध्यानात घ्यावे. कीर्तिमुख कोणी स्वयंपाकघरात कोरत नाही. आपले चित्र दिवाणखान्यात, जेवणाच्या टेबलासमोर लावण्याचा आग्रह सोडावा आणि आपल्या वाचनाच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूने, लावावे.

प्रश्न : मला ड्रॅगन काढण्याचा नाद आहे. आमचे एक सर म्हणतात की, ड्रॅगन आपला नाही, मकर आणि व्याल काढ. परदेशी प्राणी काढणे चूक आहे काय? आणि माझ्या ड्रॅगनचे पंख छत्रीसारखे का दिसतात?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

उत्तर : चूक मुळीच नाही. मकर अवश्य पाहावा, कारण मगरीचा जबडा आणि हत्तीची सोंड एकाच तोंडात बेमालूम कशी बसवावी, हे त्याच्याइतके कोणी शिकवत नाही. परंतु मकर काढल्याने कोणी अधिक मराठी होत नाही आणि ड्रॅगन काढल्याने कमी होत नाही.

छत्रीचे उत्तर सोपे आहे. युरोपातील बहुतेक चित्रकारांनी ड्रॅगनचा पंख वटवाघळावरून घेतला, आणि आपण तो त्यांच्या चित्रांवरून घेतला आहे. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच असतो. अंगठा वरच्या बाजूस मोकळा, नखासह, आणि उरलेली चार बोटे लांबच लांब वाढलेली. त्यांच्यामध्ये कातडे ताणलेले असते. आपल्या चित्रात सगळ्या काड्या एकाच बिंदूतून फुटतात आणि सगळ्या सारख्याच लांबीच्या आहेत, त्यांना खांदा नाही, कोपर नाही, मनगट नाही. आधी आपला हात कागदावर ठेवून त्याची बोटे चौपट लांब करून पाहावीत. दुसरी अडचण खांद्याची. चार पाय आणि वर दोन पंख म्हणजे सहा अवयव झाले. पुढचे पाय आणि पंख एकाच खांद्यावर हक्क सांगू लागतात आणि चित्र तेथे फसते. म्हणूनच दोन पायांचा आणि दोन पंखांचा ड्रॅगन काढून आधी हात बसवावा.

वटवाघळे पाहण्यासाठी देवगिरीच्या किल्ल्यावर जावे. तेथल्या अंधारीत, म्हणजे खडकातून वर जाणाऱ्या त्या वळणावळणाच्या भुयारी वाटेत, ती छताला लोंबकळलेली असतात, आणि त्यांचा उग्र दर्प वळणाच्या आधीच येतो. मी प्रथम गेलो तेव्हा वाटाड्याने मशाल धरली होती. मधल्या वळणावर त्याने आम्हाला उभे केले, शत्रू येथे कसा फसत असे ते सांगितले आणि खात्री पटावी म्हणून मशाल खाली दडवली. त्या मिट्ट काळोखात प्रथम काहीच कळले नाही. मग डोक्यावर ओल्या चामड्याचा असंख्य घड्या उलगडल्यासारखा आवाज झाला आणि माझ्या कानाला वारा लागून गेला. घरी आल्यावर मी जे पंख काढले, ते न पाहता काढले होते, आणि ते छत्रीसारखे आले नाहीत.